पार्श्वभूमी : रेसकोर्सवरचा कॅसिनो आणि झाडीतला शंकरपट

अमेरिकेत सरकारी लॉटऱ्या आल्या, 1978 मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनो उघडला आणि पैज लावायला घोड्यांच्या शर्यतीलाच जावं लागेल अशी स्थिती राहिली नाही. जुन्या रेसकोर्सचे स्टँड ओस पडू लागले. डेलावेअरने 1994 मध्ये कायदा करून रेसकोर्सवरच जुगाराची यंत्रं बसवायला परवानगी दिली. त्यांच्या कमाईतला वाटा शर्यतीच्या बक्षिसांना मिळू लागला. बक्षिसं वाढली, घोडे आले. शर्यत बघणारा माणूस मात्र तितका परतला नाही. मग मालकांनाच घोडे जड वाटू लागले. फ्लोरिडातल्या कॅल्डर रेसकोर्सवर 2020 मध्ये शर्यती थांबल्या, कॅसिनो मात्र चालू राहिला.

आपल्या राज्यात कॅसिनोला परवानगी देणारा 1976 चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. परवानाधारक रेसकोर्स मुंबई-पुण्यात. विदर्भातल्या खेड्याचं शर्यतीशी नातं आहे ते शंकरपटातून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतून.

धानाची मळणी आटोपली, हाती थोडे पैसे आले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत पट भरतो. मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सरळ धावपट्टी तयार करतात. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, बैल सोडतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. पण तेवढ्यासाठी कोणी मुक्कामी येत नाही. पाहुण्यांनी घरं भरतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री मंडपात झाडीपट्टीचं, म्हणजे याच पूर्व विदर्भाच्या भागातलं, नाटक पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम अशाच गावांवर उभा आहे. गावातलं मंडळ नाटक ठरवतं आणि तिकिटं विकून खर्च भागवतं. पटावर पैजा लागत नव्हत्या असं नाही, पण गावाला बांधून ठेवलं ते नाटकाने. माझ्या मते पट आणि रेसकोर्स यांतला खरा फरक इथे आहे.

2011 मध्ये केंद्राने खेळात वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, तोही न्यायालयात अडकला. त्या वर्षांत पटासाठी वाढवलेल्या गोऱ्ह्यांना कोण विचारणार? नाटकांचे मंडप मात्र उभे राहत होते. 16 डिसेंबर 2021 ला पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलाला इजा करता येत नाही. हे नियम मला हवेत. बक्षिसं मोठी करण्यासाठी गावाने बाहेरच्या पैशाकडे बघायचं ठरवलं, तर आधी कॅल्डरचा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडला जावा.