पावडर बारीक म्हणजे ग्रेन बारीक? नाही, भाऊ!

“पावडर १०० नॅनोमीटरची घेतली ना, मग जॉबमधला ग्रेनही १०० नॅनोमीटरचाच.” नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांकडे, पावडर दाबून आणि भट्टीत भाजून जॉब (म्हणजे तयार भाग) बनवणाऱ्यांत, हे इतक्यांदा ऐकू येतं, की आता लिहूनच टाकतो.

पावडरीचा कण तुम्हाला माहीत आहे. तो सुटा असतो, लेझरवर मोजता येतो आणि सप्लायर त्याचाच आकडा लेबलवर छापतो. ग्रेन म्हणजे एकाच दिशेने अणू रचलेला स्फटिक. एका कणात एकच ग्रेन असेल, नाहीतर हजारो. बराच वेळ बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी पावडर कुटणाऱ्या फिरत्या पिंपात) फिरलेला २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) कण आतून नॅनो ग्रेनांनी ठासून भरलेला असू शकतो.

खरा घोळ सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत तापवून पावडरीचे कण एकमेकांना जोडताना होतो. भट्टीत दोन गोष्टी सोबतच चालतात: छिद्रं बुजतात आणि ग्रेन वाढतात. छिद्रं शिल्लक आहेत तोवर ती ग्रेनच्या सीमा अडवून धरतात. घनता पूर्ण भरीव मालाच्या ९०-९५ टक्क्यांपुढे गेली, की अडवणारं फारसं कोणी उरत नाही आणि ग्रेन भराभर फुगतात. अतिबारीक पावडरीत तर वाढण्याची ही ओढ आणखी जास्त. १०० नॅनोमीटरच्या पावडरीतून मायक्रॉनभराचे ग्रेन निघाले, तर त्यात नवल काहीच नाही.

मग दाब काय करतो? ‘दाबाने ग्रेन चिरडून बारीक होतो’ हे ऐकलं की माझं डोकंच उठतं. हॉट प्रेसच्या (तापवतानाच दाब देणाऱ्या यंत्राच्या) ग्रॅफाइट डायमध्ये, म्हणजे साच्यात, एरवी १०० मेगापास्कलच्या आतच काम चालतं. तो दाब छिद्रं बुजवायला हातभार लावतो, त्यामुळे कमी तापमानात, कमी वेळात घनता मिळते. ग्रेनला वाढायला सवडच मिळत नाही, एवढंच.

ग्रेन बारीक तेवढा हार्डनेस जास्त, हे गणित हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) या संशोधकांचं. ग्रेनचा व्यास चौथाई झाला, तर ग्रेनमुळे मिळणारा वाटा दुप्पट होतो. अख्खा हार्डनेस नव्हे. आणि सूत्रात घालायचा तो तयार जॉबमधला ग्रेन, पावडरीचा कण नाही. छिद्रं उरली असतील तर ग्रेन कितीही बारीक असला तरी आकडा पडतो. घनता न लिहिता दिलेला हार्डनेस मी तरी जमेसच धरत नाही.

ग्रेन बघायचा तर जॉब कापा, पॉलिश करा, एच करा (ग्रेनच्या सीमा उठून दिसाव्यात म्हणून पृष्ठभाग रसायनाने किंचित खायला लावा). १०० नॅनोमीटरचा ग्रेन साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपला दिसत नाही. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.