आयफेल टॉवरखालचा विक्रेता आणि सेनेगलचा भुईमूग

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या वाटेवर लोखंडी कडीत ओवलेली किचेन खुळखुळवत काही तरुण सामोरे येतात. बार्सिलोनात असेच तरुण चादरीवर पर्स, गॉगल, बूट मांडून उभे असतात. त्या चादरीकडे नीट पाहा. चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यांची टोकं विक्रेत्याच्या मुठीत. पोलीस दिसले की एक हिसका, चादरीचं गाठोडं होतं आणि माणूस पळत सुटतो. चादरीला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘मांता’, म्हणून हे ‘मांतेरो’.

यांतले अनेक जण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचे. ते इथवर कसे आले, याची सुरुवात भुईमुगाच्या शेतात होते.

शेख आमादू बांबा (१८५३-१९२७) यांनी सेनेगलमध्ये मुरीद हा मुस्लिम सूफी पंथ उभा केला आणि १८८७ मध्ये तूबा हे गाव वसवलं. त्यांच्याभोवती जमणाऱ्या गर्दीची धास्ती घेऊन तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी १८९५ मध्ये त्यांना गॅबनला हद्दपार केलं. सात वर्षांनी ते परतले, तेव्हा त्यांचा मान आणखी वाढला होता. कष्ट हीही उपासनाच, या शिकवणीवर त्यांच्या शिष्यांनी रानं साफ करून भुईमूग पिकवला. वसाहतीची बहुतेक निर्यात शेंगांवरच चालायची.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दुष्काळ पडत गेले, जमिनीचा कसही गेला. शेतकऱ्यांची पोरं राजधानी डाकारच्या सांदागा बाजारात फिरता धंदा करू लागली, तिथून फ्रान्सला पोचली. १९८६ मध्ये फ्रान्सने व्हिसा सक्तीचा केल्यावर त्यांचा ओघ इटली-स्पेनकडे वळला. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँक या सेनेगलच्या चलनाची किंमत निम्म्यावर आणली गेली. एका फ्रेंच फ्रँकला ५० पडायचे, ते एका दिवसात १०० झाले. घरात आयात तांदूळ महागला आणि परदेशातून येणाऱ्या पैशाचं मोल दुप्पट झालं. अशा वेळी घरातला एक मुलगा बाहेर पाठवायचा हा हिशेब कुठल्याही आईबापाने केला असता. २००६ मध्ये तर मासेमारीच्या होड्यांमधून पश्चिम आफ्रिकेचे तीस हजारांहून जास्त लोक स्पेनच्या कॅनरी बेटांवर उतरले. ‘बार्सा नाहीतर बार्साख’ हे तेव्हाचं तरुणांच्या तोंडचं वाक्य. एक तर बार्सिलोना, नाहीतर मृत्यूनंतरचा मुक्काम.

पोचल्यावर मात्र कागदपत्रांचा पेच. स्पेनमध्ये अनेक वर्षं नियम असा होता, की सलग तीन वर्षं राहिल्याचा पुरावा आणि हातात नोकरीचा करार असेल तरच या वाटेने परवाना मिळणार. पण परवान्याशिवाय काम करायला बंदी! मग ती तीन वर्षं खायचं काय? चादर ही त्या प्रश्नातून आली, आणि पोलिसांत नोंद झाली की पुढचा अर्जही अडचणीत. मला यात विक्रेत्यापेक्षा नियमाचा दोष मोठा वाटतो. इटलीने २००५ पासून नकली माल घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही दंड लावला, हे प्रवाशांनी लक्षात ठेवलेलं बरं.

२०१५ मध्ये बार्सिलोनाच्या मांतेरोंनी स्वतःची संघटना काढली, २०१७ मध्ये ‘टॉप मांता’ हा कपड्यांचा ब्रँड. नकली बुटांसाठी हिणवलं गेलेल्या या लोकांनी २०२१ मध्ये स्वतःचे बूट बाजारात आणले. त्यांचं नाव सेनेगलच्या वोलोफ भाषेतलं, ‘आंदे देम’. म्हणजे एकत्र चालणं.