टेक्स्ट व्हिडिओ

टेक्स्ट व्हिडिओ : समाजमाध्यमांसाठी केलेला छोटा, बहुधा उभा व्हिडिओ. यातला मुख्य आशय बोलण्यातून किंवा अभिनयातून नव्हे, तर पडद्यावर उमटणाऱ्या, सरकणाऱ्या, उड्या मारणाऱ्या अक्षरांतून पोचतो. मागे एखादा फोटो, सपाट रंग किंवा पावसाचे चित्रण, सोबत संगीत आणि वर मजकूर, एवढाच त्याचा सांगाडा. मराठीत त्याच्या दोन शाखा ठळक आहेत. एक व्हॉट्सॲपवर लावायच्या ‘स्टेटस’ची : गाण्याच्या ओळी, चारोळ्या, सुविचार, वाढदिवस, शिवजयंती. दुसरी माहितीची : बाजारभाव, शासकीय योजना, बातमी, पाककृती. पहिल्या शाखेकडे जाणकार मंडळी नाक मुरडून पाहतात, पण अक्षरांची खरी कारागिरी तिथेच जास्त सापडते.

पूर्वपीठिका : पडद्यावर वाचायला लावणे नवे नाही. मूकपटांत प्रसंगांच्या मध्ये लिखित पाट्या येत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही त्या होत्या. अक्षरांनाच पात्रासारखे हलवण्याची कल्पना १९५० च्या दशकात अमेरिकन संकल्पक सॉल बास यांनी हॉलिवूडच्या श्रेयनामावल्यांमधून रुजवली. मराठीत अक्षराला स्वभाव देण्याचे काम चित्रपटापेक्षा नाटकाच्या जाहिरातींनी केले. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या त्या चौकटींसाठी रेखाटलेली शीर्षके पाहूनच नाटक विनोदी की गंभीर याचा अंदाज येत असे. अक्षरे स्थिर होती, इतकेच.

आजच्या रूपाला मात्र कला नव्हे, एक तांत्रिक निर्णय कारणीभूत ठरला. २०१३ च्या अखेरीस फेसबुकने व्हिडिओ आपोआप आणि आवाजाविना सुरू करायला सुरुवात केली. आवाज बंद असताना माणसाचा अंगठा थांबवायचा तर अक्षरांना पर्याय नव्हता. नाऊ धिस आणि एजे प्लस या वृत्तसंस्थांनी मोठ्या अक्षरांच्या पट्ट्या आणि खाली चालणारे दृश्य असा साचा रूढ केला. पुढे जगभरच्या वृत्तसंस्थांनी तो उचलला आणि मराठी वृत्तमाध्यमांच्या फेसबुक पानांवरही तो दिसू लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपने चोवीस तासांत पुसले जाणारे स्टेटस आणले. त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०१६ पासून, जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झालेला होताच. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. व्हिवाव्हिडिओसारखे लोकप्रिय संपादन ॲपही त्या यादीत होते. रिकाम्या झालेल्या जागेत इन्स्टाग्राम रील्स, शेअरचॅटचे मोज आणि यूट्यूब शॉर्ट्स काही महिन्यांच्या अंतराने उतरले. व्हिडिओची परवानगी असलेली लांबी तेव्हापासून वाढतच गेली. शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये ६० सेकंदांवरून ३ मिनिटे झाली. टेक्स्ट व्हिडिओला तिचा फारसा उपयोग नाही. तीन मिनिटे सलग वाचायचे असेल तर माणूस लेख वाचेल.

मोबाइलवरची कारागिरी : स्टेटस बनवणाऱ्याला गावात ‘एडिटर’ म्हणतात. त्याचे काम काइनमास्टर, इनशॉट, व्हीएन किंवा अलाइट मोशन यांपैकी एखाद्या ॲपवर चालते, तर अक्षरांची सजावट पिक्सेललॅबमध्ये होते. गाण्याचे लिरिकल स्टेटस असे तयार होते : गाण्याचा पंधरा ते तीस सेकंदांचा तुकडा कापायचा, ठेक्यावर खुणा करायच्या (याला ‘बीट मार्क’ म्हणतात), आणि प्रत्येक खुणेवर एकेक शब्द किंवा शब्दजोडी बसवायची. ‘ब्लॅक स्क्रीन’ हा यातला सर्वांत हुशार प्रकार. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे हलवून तो व्हिडिओ तसाच वाटला जातो. घेणारा तो आपल्या फोटोवर ठेवतो आणि मिश्रणाचा पर्याय ‘स्क्रीन’ निवडतो. काळा रंग नाहीसा होतो, पांढरी अक्षरे फोटोवर तरंगतात. एकाने घेतलेली मेहनत अशी असंख्य फोटोंवर चालते.

अलाइट मोशनमध्ये ही देवाणघेवाण आणखी पुढे गेली. संपूर्ण व्हिडिओची रचना ‘प्रीसेट’ किंवा ‘एक्सएमएल फाइल’ म्हणून दुसऱ्याला देता येते. त्याने फोटो आणि नाव बदलले की भाऊंच्या वाढदिवसाचे स्टेटस दादांच्या वाढदिवसाला तयार. जयंती, निवडणूक, बैलगाडा शर्यत, जत्रा यांचे हंगाम जवळ आले की टेलिग्राम आणि यूट्यूबवर अशा फाइलींचा पूर येतो. फाइल फुकट, पण तिचा पासवर्ड यूट्यूबवरच्या व्हिडिओत मध्येच कुठेतरी सांगितलेला, म्हणजे तो पूर्ण पाहणे आले, ही युक्तीही याच धंद्यातली. अक्षरांच्या बाबतीत आणखी एक चलन आहे ते ‘टेक्स्ट पीएनजी’चे : सुंदर रेखाटलेला शब्द पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राच्या रूपात. फ्लेक्सच्या दुकानात श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या सांकेतिकीकरणातल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मोबाइलवर चिकटवला तर निरर्थक चिन्हे दिसतात. त्यामुळे शब्दाचे चित्र करूनच तो फिरवणे सोयीचे पडले.

देवनागरीची अडचण : टेक्स्ट व्हिडिओची बहुतेक साधने रोमन लिपी गृहीत धरून बनली, आणि मराठी करणाऱ्याचा निम्मा वेळ तिथे खर्ची पडतो. ‘टाइपरायटर’ हा परिणाम सर्वांना आवडतो : अक्षरे एकामागून एक टंकली जातात असा भास. रोमनमध्ये तो निर्धोक चालतो. मराठीत ‘सूर्य’ या शब्दाचे काय होते पाहा. आधी ‘सू’ येतो, मग ‘सूर’, मग ‘सूर्’ असा पाय मोडलेला र, आणि शेवटी य येताच तो र उडी मारून त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘किती’ मध्ये क आधी उमटतो आणि वेलांटी आली की उजवीकडे ढकलला जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संकेतांक देण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसते ती व्यंजनाच्या आधी. व्हिडिओ संकेतांकांच्या क्रमाने चालतो, डोळा मात्र जोडाक्षर एकसंध मागतो. उपाय एकच : अक्षर नव्हे, शब्द हे एकक धरायचे. शब्द पूर्ण येऊ द्यावा. फारच हौस असेल तर पडद्यासारखा मास्क डावीकडून उजवीकडे सरकवून शब्द उघडावा, म्हणजे काही मोडत नाही.

दुसरा घोळ शिरोरेषेचा. अक्षरांतले अंतर वाढवले की रोमन शब्द डौलदार दिसतो, देवनागरी शब्दाची शिरोरेषा तुटून तुकडे पडतात. अक्षरांना बाह्यरेषा दिली तर प्रत्येक अक्षराची रेषा वेगळी काढली जाते आणि जोडाच्या जागी उभे चरे दिसतात. ते लपवायला खाली तोच मजकूर जाड बाह्यरेषेसह आणि वर बाह्यरेषेविना असे दोन थर ठेवतात. तिसरा घोळ उंचीचा : वर अनुस्वार-रफार, खाली उकार. ओळींतले अंतर रोमनच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, आणि काही ॲपमध्ये मजकुराच्या चौकटीबाहेर गेलेला रफार सरळ कापला जातो. संगणकावर ॲडोबीच्या प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये काम करणाऱ्याने मजकुराच्या मांडणीसाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय आधी निवडावा, नाहीतर जोडाक्षरे सुटी पडतात.

यांत सर्वांत मराठी म्हणावी अशी अडचण चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ची, म्हणजे ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतल्या ऱ् ची. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये तो नसतो, आणि मग ‘दऱ्याखोऱ्या’ लिहिताना ‘दर्या’ उमटून दरीचा समुद्र होतो. आचाऱ्यांच्या सत्काराचा व्हिडिओ आचार्यांच्या सत्काराचा होणे हा तर जुनाच विनोद. ॲ आणि ळ यांचीही परीक्षा घ्यावी. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा आग्रह धरला. फोनमधला ठरलेला फॉन्ट अनेकदा हिंदी वळणाचीच रूपे दाखवतो. म्हणून सुरुवातीलाच ‘वाऱ्यावर’, ‘ॲप’, ‘शाळा’, ‘लक्ष्मी’, ‘कर्तृत्व’ असे चार-पाच शब्द टंकून फॉन्ट पारखून घेणे बरे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’, किंवा मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन, हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आणि युनिकोड आहेत. ठळक शीर्षकाला बलू, धावत्या मजकुराला ‘मुक्त’ ही जोडी सहसा फसत नाही. मोदक फक्त एखाद्या शब्दापुरता. त्यात अख्खे वाक्य लिहिले की डोळे फिरतात.

वाचनाचा वेग : पुस्तकात वाचक हवे तिथे थांबतो, इथे घड्याळ करणाऱ्याच्या हातात असते. सबटायटलच्या व्यवसायात एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी आणि एक पाटी साधारण एक ते सात सेकंद, असा दंडक आहे. टेक्स्ट व्हिडिओलाही तो लागू पडतो. करणाऱ्याला मजकूर पाठ असतो, म्हणून त्याला प्रत्येक पाटी रेंगाळल्यासारखी वाटते आणि तो ती घाईने काढतो. ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावणे ही खात्रीची कसोटी. त्याची जीभ अडखळली तर पाटी लांबवायची किंवा वाक्य तोडायचे.

वाक्य तोडणे हेच यातले लेखन. एक सरकारी मजकूर घ्या : ‘महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून नागरिकांना डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या प्राप्त करून घेता येईल.’ हा जसाच्या तसा पडद्यावर टाकला तर तो कुणी वाचत नाही. तोच असा मांडता येतो : ‘सातबारा हवाय?’ – ‘तलाठ्याकडे खेप नको’ – ‘मोबाइलवर काढा’ – ‘सही डिजिटल, कामाला चालते’. प्रत्येक पाटीला एकच गोष्ट, आणि क्रियापद पुढच्या पाटीवर न ढकलता त्याच पाटीत. मराठी वाक्याचा भार शेवटच्या क्रियापदावर असतो. ते पुढच्या पाटीवर ढकलले की आधीची पाटी अधांतरी राहते. उलट उत्कंठा हवी असेल तिथे हेच मुद्दाम करतात, आणि चारोळी इथे इतकी रमते ती त्यामुळेच : तीन ओळी वाट पाहायला लावतात, चौथी उलगडते. भरपूर विशेषणांच्या ‘सुविचारां’ना ही शिस्त नसते, म्हणून ते अर्ध्यातच सरकवले जातात.

चौकटीचे माप ९:१६, म्हणजे बहुधा १०८० × १९२० पिक्सेल. पण ती सगळी जागा आपली नसते. खाली खात्याचे नाव, मथळा (कॅप्शन) आणि गाण्याची पट्टी, उजवीकडे लाइक-शेअरची चिन्हे येतात. मजकूर मधल्या भागात, किंचित वर ठेवला की सुरक्षित. योजना किंवा बाजारभाव सांगणाऱ्या व्हिडिओत तारीख अक्षरांतच लिहावी. व्हिडिओ उतरवून पुढे पाठवला जातो तेव्हा मूळ पोस्टची तारीख मागे राहते, आणि मुदत संपलेली योजना ‘आत्ताच आलेली बातमी’ म्हणून वर्षानुवर्षे फिरते. लासलगावचा कालचा कांद्याचा भाव आज दाखवणे तर थेट नुकसानीचे.

हक्क आणि श्रेय : भारतीय कॉपीराइट कायदा (१९५७) नुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे तुकाराम, केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज यांच्या ओळी कुणीही वापरू शकतो. १९९९ मध्ये निधन झालेल्या कुसुमाग्रजांच्या नाही. बहिणाबाई चौधरींची कविता त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. अशा वेळी साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, आणि तीही मुदत उलटली आहे. गाण्याचा तुकडा ॲपच्या स्वतःच्या संग्रहातून घेतला तर वैयक्तिक वापराला अडचण येत नाही, दुकानाच्या जाहिरातीला मात्र तीच मुभा मिळेल असे नाही. प्रत्यक्षात या क्षेत्रात हक्कभंगापेक्षाही बोकाळलेली गोष्ट म्हणजे खोटे श्रेय. कुठल्याही बऱ्या वाक्याखाली पु. ल. किंवा व. पु. यांचे नाव चिकटवले की ते फिरते. मूळ पुस्तकात ओळ सापडत नसेल तर नाव न लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग.

सुगम्यता : ऐकू न येणाऱ्यांना या प्रकाराचा मोठा आधार मिळाला, पण दृष्टिहीनांसाठी तो जवळजवळ बंद दार आहे. व्हिडिओच्या चित्रातच मुरलेली अक्षरे फोनचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, वाचू शकत नाही. तोच मजकूर खाली मथळ्यात लिहिणे किंवा आवाजात वाचून जोडणे एवढे केले तरी पुरते. वेबच्या सुगम्यता निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावा आणि कोणतीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये असे सांगितले आहे. भगव्या पार्श्वभूमीवरची पिवळी अक्षरे पहिल्या निकषात नापास होतात. ठेक्यावर पडदा लखलखवणारे आणि थरथरवणारे ‘शेक इफेक्ट’ बऱ्याचदा दुसऱ्यात. अपस्माराचा त्रास असलेल्यांना अशा लखलखाटाने झटका येऊ शकतो, म्हणून डीजेच्या गाण्यावरचे स्टेटस करताना पांढऱ्या झोताऐवजी अक्षराचा आकार लहान-मोठा करून ठेका दाखवणे अधिक सुरक्षित.