फॅरोंच्या थडग्यातला गहू खरोखर उगवला होता का?
इजिप्तमधील फॅरोंच्या थडग्यांत सापडलेला तीन-चार हजार वर्षांपूर्वीचा गहू पेरला आणि तो उगवला, ही कथा एकोणिसाव्या शतकापासून सांगितली जाते आणि आजही काही वाणांची जाहिरात तिच्याच आधारे होते. ही कथा खरी नाही.

कोरड्या हवेमुळे थडग्यांतील दाण्यांचा आकार टिकून राहतो आणि त्यामुळेच पाहणाऱ्याची फसगत होते. आतील भ्रूण मात्र केव्हाच मेलेला असतो, कारण साध्या साठवणीत गव्हाची उगवणक्षमता काही वर्षांतच घटू लागते आणि काही दशकांत जवळजवळ संपते. मग जे उगवले ते काय होते? ते थडग्यातले म्हणून प्रवाशांना विकलेले ताजे धान्य असणे हेच सर्वांत संभवनीय आहे. ‘ममी गहू’ म्हणून प्रसिद्ध झालेले फाटेदार ओंबीचे वाणही युरोपला नवे नव्हते.

बियाणे दीर्घकाळ जगूच शकत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. इस्राएलमधील मसादा येथे उत्खननात मिळालेली सुमारे 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 मध्ये रुजली. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 मध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या तणांच्या बियांपैकी काही 2021 मध्येही उगवल्या. प्रत्येक वनस्पतीच्या बीचे आयुर्मान वेगळे असते. गव्हाच्या वाट्याला ते फार थोडे आले आहे, आणि म्हणूनच बीजपेढ्यांना त्याचे दाणे वाळवून उणे 18 अंश सेल्सिअस तापमानाच्या आसपास ठेवावे लागतात.