मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची रक्तचाचणी : मूल्यमापन

कोणतीही लक्षणे नसलेल्या, सर्वसाधारण जोखमीच्या माणसाच्या रक्तावरून मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग ओळखणारी चाचणी कितपत भरवशाची आहे, हे पडताळून पाहण्याची पद्धत. अशा चाचण्यांपैकी अमेरिकेतील गार्डंट हेल्थ या कंपनीच्या ‘शील्ड’ चाचणीची चर्चा फार झाली. तिच्यावरील ‘एक्लिप्स’ हा अभ्यास मार्च 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 45 वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांसाठी तिला मान्यता दिली.

हा कर्करोग बहुधा एकदम उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी अडेनोमा जातीची गाठ, म्हणजे पॉलिप येतो आणि त्यांपैकी काहींचे पुढे, साधारण दहा वर्षांच्या अवधीत, कर्करोगात रूपांतर होते. त्यामुळे तपासणीची कामे दोन ठरतात : झालेला कर्करोग लवकर पकडणे आणि होऊ घातलेला टाळणे. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीत, दोन्ही साधतात, कारण पॉलिप दिसला की तिथल्या तिथे कापून काढता येतो. विष्ठेतील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी पॉलिपच्या बाबतीत तोकडी पडते, पण तिच्यामागे मृत्यू कमी झाल्याचा पुरावा उभा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या, 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणी-प्रयोगात दरवर्षी विष्ठा तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी आढळले. कोणत्याही रक्तचाचणीकडे आज असा पुरावा नाही.

तरीही रक्तचाचणी हवीशी वाटते, याचे कारण उघड आहे. कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी जुलाबाचे औषध पिऊन पोट साफ करावे लागते, कामाचा दिवस बुडतो, सोबत माणूस लागतो. विष्ठेचा नमुना घरी घेऊन डबीत भरून पाठवायला अनेकजण किळस करतात आणि डबी तशीच पडून राहते. रक्त मात्र साखर किंवा कोलेस्टेरॉल तपासायला द्यावेच लागते, त्याच वेळी आणखी एखादी नळी भरून घेतली की झाले.

पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि थोड्याच वेळात नाहीसेही होतात. कर्करोगाच्या पेशींतून आलेल्या तुकड्यांवर मेथिलेशनच्या, म्हणजे डीएनएवरील रासायनिक खुणांच्या, वेगळ्या नक्षी असतात. शील्डमध्ये या खुणा, तुकड्यांची रचना आणि जनुकीय बदल यांचा एकत्रित विचार होतो. अडचण अशी, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा स्वतःचा डीएनए कितीतरी अधिक असतो. नळीत त्या फुटल्या तर खरा संकेत त्यात बुडून जातो, म्हणून पेशी टिकवणारे द्रव्य घातलेल्या खास नळ्या वापरतात. शिवाय उतारवयात रक्तपेशींतच जनुकीय बदल साचत जातात आणि चाचणीची दिशाभूल करू शकतात.

अशा चाचणीचे मूल्यमापन कोणत्या लोकांवर केले, यावर निकालाचे निम्मे भवितव्य अवलंबून असते. एका बाजूला रुग्णालयातील निदान झालेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट तरुण घेतले, तर जवळपास कोणतीही चाचणी देखणी ठरते. म्हणून तपासणीसाठीच आलेल्या लोकांचे रक्त कोलोनोस्कोपीच्या आधी घ्यायचे, निकाल काहीही आला तरी प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करायची आणि रक्त पाहणाऱ्याला कोलोनोस्कोपीत काय दिसले ते कळू द्यायचे नाही, हा रिवाज पडला. ‘एपी प्रोकोलॉन’ ही सेप्टिन-9 जनुकाचे मेथिलेशन पाहणारी चाचणी या कसोटीवर कर्करोगांपैकी 48 टक्केच ओळखू शकली. तिला 2016 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती रुळली नाही.

एक्लिप्समध्ये 7,861 जणांचे निकाल मोजता आले. त्यांत कोलोनोस्कोपीत कर्करोग सापडलेले 65, आणि त्यांपैकी रक्तचाचणीने 54 ओळखले. म्हणजे संवेदनक्षमता 83.1 टक्के. मथळ्यात हाच आकडा झळकला. मात्र 65 ही संख्या लहान असल्याने खरा आकडा 72 ते 90 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि पहिल्या टप्प्यातल्या 17 कर्करोगांपैकी 11 च सापडले. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातला एकही सुटला नाही. हे समाधानकारक खरे, पण तपासणीचा सर्वाधिक फायदा पहिल्याच टप्प्यात असतो.

विशिष्टता, म्हणजे आतड्यात गंभीर काही नसलेल्यांना ‘नाही’ असे बरोबर सांगण्याचे प्रमाण, 89.6 टक्के होते. ऐकायला भरपूर वाटते. हिशेब केला तर कर्करोग किंवा मोठे पॉलिप नसलेल्या 6,680 जणांपैकी सुमारे 700 जणांचा निकाल सकारात्मक आला, म्हणजे सकारात्मक निकाल हाती आलेल्या साधारण 900 लोकांत प्रत्यक्ष कर्करोग असलेले 54, जेमतेम 6 टक्के. नकारात्मक निकालाबाबतही सावध राहावे लागते. ‘निकाल नकारात्मक असेल तर 99.8 टक्के लोकांना कर्करोग नाही’ हे विधान खरे आहे, पण कोणतीही चाचणी न करता सर्वांना ‘नाही’ म्हटले असते, तरी ते 99.2 टक्के वेळा बरोबर ठरले असते.

खरी मेख पॉलिपमध्ये आहे. कर्करोगाकडे झुकलेले मोठे पॉलिप 1,116 जणांत होते. त्यांपैकी 147 जणांचा, म्हणजे 13.2 टक्क्यांचा, निकाल सकारात्मक आला. गंभीर काही नसलेल्यांतही 10.4 टक्के सकारात्मक आलेच होते. तेव्हा पॉलिप असणे आणि नसणे यांत या चाचणीला फारसा फरक कळत नाही. त्यात चाचणीची हलगर्जी नाही. पॉलिप रक्तवाहिन्यांत घुसत नाही, त्यामुळे त्याच्याकडून रक्तात फारसे काही पोचत नाही. फ्रीनोम कंपनीच्या चाचणीच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हा आकडा 12.5 टक्केच होता. तुलनेसाठी : विष्ठेतील डीएनए पाहणाऱ्या ‘कोलोगार्ड’ने 2014 च्या अभ्यासात असे 42.4 टक्के पॉलिप आणि 92.3 टक्के कर्करोग ओळखले, तर विष्ठेतील रक्ताच्या साध्या चाचणीने 23.8 आणि 73.8 टक्के. त्या साध्या चाचणीची विशिष्टता मात्र 94.9 टक्के, शील्डपेक्षा सरस.

अमेरिकेच्या मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी आरोग्यविमा योजनेने 2021 मध्ये रक्तचाचणीचा खर्च उचलण्यासाठी किमान 74 टक्के संवेदनक्षमता आणि 90 टक्के विशिष्टता अशी अट घातली आणि दोन चाचण्यांतले अंतर तीन वर्षांचे ठरवले. पॉलिपबद्दल अटच नव्हती. ही उणीव माझ्या मते मोठी, कारण त्यामुळे कंपन्यांचा डोळा कर्करोगाच्या टक्केवारीवर खिळला. मे 2024 मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने शील्डच्या धोक्यांपेक्षा फायदे जास्त असल्याचा कौल 7 विरुद्ध 2 मतांनी दिला. ज्यांनी दुसरी कोणतीही तपासणी केली नसती, त्यांना रक्तचाचणी उपयोगी आहे, हा समर्थकांचा मुद्दा खरा आहे. पण आधीपासून कोलोनोस्कोपी किंवा दरवर्षीची विष्ठा तपासणी करणारे लोक रक्तचाचणीकडे वळले, तर मृत्यू वाढतील, असा इशारा 2024 मधील संगणकीय प्रतिकृतींनी दिला. त्यात सकारात्मक निकालानंतर कोलोनोस्कोपी करायची ती करायचीच. ती टाळली तर रक्त दिल्याचा उपयोग शून्य.

भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची तपासणी होते. प्रमाण कमी असलेल्या समाजात 90 टक्के विशिष्टतेच्या चाचणीच्या सकारात्मक निकालांत खोट्या इशाऱ्यांचा वाटा आणखी वाढतो आणि असा प्रत्येक इशारा एक कोलोनोस्कोपी मागतो. शौचावाटे रक्त पडणे, सवयीत बदल, कारण नसताना वजन घटणे किंवा घरात या रोगाचा इतिहास असेल, तर ही चाचणी त्या माणसासाठी बनलेलीच नाही. ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने मलम लावणाऱ्या रुग्णाला नकारात्मक रक्तनिकाल हाती देणे धोक्याचे. त्याला थेट कोलोनोस्कोपीच लागते.