उसाचं बेणं म्हातारं होतं का?

परवा कागलकडं मामांच्या रानात गेलो होतो. तिसरा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेलं पीक), फुटवे बारीक, पानं पिवळट. मामा म्हणाले, "बेणंच म्हातारं झालंय रं आता." तर मामेभावानं मोबाईल पुढं केला, त्यात 'टेलोमेअर वाढवा, तरुण राहा' अशी गोळ्यांची जाहिरात, म्हणाला दादा, उसाचे पण टेलोमेअर झिजले असणार बघ. तेव्हापासनं हे लिहायचं डोक्यात होतं, कारण झाडांचे टेलोमेअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरचं राखण करणारं टोपण, हा माझ्या फार जवळचा विषय आहे.

गुणसूत्र म्हणजे डीएनएची लांब दोरी, आणि दोरी म्हटली की टोक आलंच. अडचण अशी की पेशीला खरं टोक कुठलं आणि तुटलेला तुकडा कुठला हे आपोआप कळत नाही, तुटलंय समजून ती दोन टोकं एकमेकांना जोडून टाकते, मग विभागणीच्या वेळी ती जोडगुणसूत्रं दोन्हीकडनं ओढली जातात, तुटतात, परत चिकटतात. हे चक्र अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस मक्यात बघितलं, म्हणजे पिकातच बघा. टेलोमेअर म्हणजे टोकावर परत परत येणारी डीएनएची ठरावीक अक्षरं (ए, टी, जी, सी ही ती अक्षरं). माणसात टीटीएजीजीजी, बहुतेक झाडांत त्यात एक टी जास्त. आपल्या मिसळीवरच्या कांद्याची मात्र निराळीच 12 अक्षरं आहेत, सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी, ती 2016 मध्ये सापडली.

पण नुसत्या अक्षरांनी भागत नाही, राखणीला प्रोटीनं लागतात. डीएनएची कॉपी होताना एक टोक सपाट कापल्यासारखं राहतं आणि दुसऱ्यावर एक धागा जरा पुढं लोंबतो. माणसाच्या पेशी सपाट टोकसुद्धा कुरतडून लोंबतं करून घेतात. अरॅबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातलं छोटं रोप, गुणसूत्रांच्या फक्त 5 जोड्या, म्हणून प्रयोगशाळेत लाडकं) तसं करत नाही, त्याची साधारण निम्मी टोकं सपाटच राहतात, आणि तिथं कू नावाचं प्रोटीन बसतं. दोन भागांचं कडं, डीएनए त्यातनं ओवलेला. आता हेच कू एरवी तुटलेला डीएनए जोडणाऱ्या टोळीत सगळ्यात आधी पोचतं! जोडणारंच जोडू देत नाही, हे कसं? तर शास्त्रज्ञांनी असं बदललेलं कू करून बघितलं की ज्याला टोकावर बसता येतं पण डीएनएवरनं आत सरकता येत नाही. त्याला तुटलेलं जोडणं जमेना, टोकाची राखण मात्र जमली. म्हणजे जोडायला आत सरकावं लागतं, राखायला टोकावर घट्ट बसलं तरी पुरतं. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

लोंबत्या धाग्याकडं सीटीसी-1, एसटीएन-1 आणि टेन-1 हे त्रिकूट बघतं. त्यातलं एक जरी काढलं तरी गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, रोप वेडंवाकडं वाढतं, आणि हे पहिल्याच पिढीत. उलट दर कॉपीला टेलोमेअर जरा जरा झिजतात, ती लांबी भरून काढणारं टेलोमरेज बंद केलेली रोपं 10 पिढ्यांपर्यंत तग धरतात. म्हणून नुसतं 'लांबी वाढवा' म्हणून गोळ्या विकणाऱ्यांचा मला राग येतो, बहुतेक कॅन्सरच्या पेशीसुद्धा टेलोमरेज चालू करूनच वाढत राहतात, हे ते सांगत नाहीत.

मग मामांचा ऊस? झाडांत टेलोमरेज वाढत्या शेंड्यांत, कोंबांत चालू असतं, जुन्या पानात ते बंद होतं. कांडीवरचा डोळा म्हणजे कोंबच की. त्यामुळं कांडीपासनं कांडी लावत गेलं म्हणून टेलोमेअर संपत नाहीत, को 86032 ही उसाची जात आपल्याकडं वीस वर्षांहून जास्त अशीच कांड्यांवर चाललीय. म्हातारं होतं ते बेणं नव्हे, त्यात रोग साठत जातो, गवताळ वाढ, मोझॅक, खोडव्याचा खुजेपणा, आणि तीच कांडी परत लावली की तो पुढच्या लागणीत जातो. वर नांग्या (न फुटल्यामुळं मोकळ्या राहिलेल्या जागा) भरलेल्या नसतात. हे सगळं मामांना बांधावर बसून सांगितलं, कूचं कडं बोटात अंगठी फिरवून दाखवलं. यंदा ते खोडवा मोडणार आहेत, आणि लागणीला बेणं घरच्या रानातलं न घेता प्रमाणित बेणे मळ्यातनं आणणार आहेत.