स्पीकर दिवसभर कान लावून बसतो का?

फोंड्यातली आमची मावशी कुणाबद्दल बोलायचं झालं, की आधी स्मार्ट स्पीकरवर पंचा टाकते. ‘तो सगळं कंपनीला कळवतो’ ही समजूत वर्षानुवर्षं फिरतेय. (पंच्याने आवाज अडत नाही, ते सोडा.)

खरं असं, की माइक चालू असतो, पण यंत्र आतल्या आत फक्त ‘अलेक्सा’सारख्या हाकेची वाट बघतं. ती ऐकली की दिवा लागतो आणि पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. म्हणूनच पावसात नेट गेलं, की हाकेला तो जागा होतो, पण विचारलेल्याचं उत्तर देऊ शकत नाही.

भीती अगदीच पोकळ नाही. मिळताजुळता शब्द कानावर पडला तरी तो चुकून जागा होतो, मग ते टीव्हीवरचं का असेना. शिवाय कंपन्यांची माणसं काही रेकॉर्डिंग ऐकतात, हे २०१९ मध्ये उघड झालंच.

तेव्हा घेताना आवाजाचा दणका नंतर बघा, आधी माइक बंद करायचं बटण बघा. अ‍ॅमेझॉनच्या इको स्पीकरवर ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि माइक बंद होतो. जुनी रेकॉर्डिंग अ‍ॅपमधून पुसता येतात.

मावशीला बटण दाखवलं. आता ती बटण दाबते आणि वर पंचाही टाकते.